विलायती कुलूप अन् चायना ग्रायंडर

2025 च्या ऑगस्टमधली गोष्ट. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेला लागलेली, तीन दिवस झाले पावसानं उघडीप दिलेली, आणि फवारणीचे पंप खाली ठेवून आम्ही पाच-सहा जण पानठेल्यावर बसलेलो. विषय अमेरिका. ट्रम्पनं भारतातून जाणाऱ्या मालावर 50 टक्के टॅरिफ लावला होता, आधी 25 आणि मग रशियाचं तेल घेता म्हणून वरून आणखी 25, आणि त्याच महिन्यात आपल्या सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरची 11 टक्के ड्युटी काढून टाकली होती. म्हणजे तिकडं कपडा जाणं महाग अन् इकडं कापूस येणं स्वस्त. पण पानठेल्यावरच्या गोष्टी नेहमी जरा वरच्या लेव्हलच्या असतात.

"अमेरिका म्हातारी झाली आता, म्हून खेकसून राह्यली," एक जण म्हणाला. "पाय तू, दहा वर्षांत चायना नंबर एक होते का नाही."

"अन् आपण?"

"आपण बी येऊन राह्यलो ना मांगून."

एक जण होता, त्याचं सगळं वावर मक्त्याचं, म्हणजे भाड्यानं घेतलेलं. पुडी फाडता फाडता म्हणाला, "येऊ दे बे मांगून. कापसाले काय भेटन ते सांग."

त्यावर कोणी बोललं नाही. मी पण नाही, आणि मी तर तालुक्याच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवतो, शेती बाबांची, मी आपला शनिवार-रविवारचा शेतकरी. पण त्याचा तो प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. टीव्हीवाले रोज सांगतात पश्चिमेचा सूर्य मावळला. (सूर्य पश्चिमेलाच मावळतो हे आमच्याकडं लहान पोराला पण माहीत असते, त्यात ब्रेकिंग काय ते कळत नाही.) मावळत असेल. पण मावळतोय हे आमच्या गावात कळलं कशावरून, हा मला जास्त इंटरेस्टिंग प्रश्न वाटतो. माझ्या मते ते कळलं दोन शब्दांवरून.

पहिला शब्द आबाजींचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, विलायती. आबाजींच्या तोंडी जे टिकाऊ ते विलायती. कात्री विलायती, खिळे विलायती, घरावरचे कवेलू इंग्रजी, जे खरं तर मंगळूरकडून यायचे पण नाव इंग्रजी. विलायती चिंच तर मूळची मेक्सिकोकडची, तिचा अन् इंग्लंडचा काही संबंध नाही, पण समुद्रापलीकडून आली ना, मग विलायती. एखादा माणूस शब्दाला पक्का असला तर आबाजी त्यालाही म्हणायचे, "माणूस विलायती आहे." ज्यांनी शंभर वर्षं आपल्याला पिळून काढलं त्यांचं नाव आपण चांगल्या मालाला दिलं होतं, आणि आबाजींना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, त्यांनी बेचाळीसच्या प्रभातफेऱ्या पाहिल्या होत्या तरीसुद्धा.

दुसरा शब्द आमच्या पिढीचा, चायना. ही शिवीच होती. मी कॉलेजात होतो तेव्हा चायना मोबाईल आले, दोन सिमचे, मागं चार-चार स्पीकर, बंडीत वाजला तर शेजारच्या शिवारात ऐकू जायचा, अन् तीन महिन्यात मेला. दिवाळीच्या माळा चायना, टॉर्च चायना. चले तो चांद तक, नही तो शाम तक. लग्नात एखादा नवरदेव जरा हडकुळा दिसला की पोरं मागून म्हणायची, चायना पीस आहे. 2020 ला गलवानमध्ये आपले जवान शहीद झाले, टिकटॉक बंद झालं (आमच्या गावचे दोन स्टार त्या दिवशी रडले, खोटं नाही सांगत), आणि सगळ्यांनी बॉयकॉटचे स्टेटस ठेवले. स्टेटस ठेवायला फोन होता व्हिवोचा.

आता मजा बघा. ही शिवी कधी बंद झाली ते मला आठवतच नाही. कोणी ठरवून बंद नाही केली. हातानं दांडा मारायचा पंप होता तेव्हा बाबांचा उजवा खांदा दर श्रावणात सुजायचा, मग बॅटरीचा पंप आला, त्याची मोटर, चार्जर, बॅटरी सगळं तिकडचं, आणि बाबांचा खांदा राहिला. रोही अन् रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावली, तिच्या सोलर प्लेटच्या मागं बारीक अक्षरात काय लिहिलंय ते एकदा वाचून बघा. रात्री ओलिताला जाताना डोक्याला लावायचा लाईट तिकडचाच. गावात आता "चायना आहे" असं कोणी म्हणलं तर ते फक्त किंमत सांगण्यासाठी, नाक मुरडून नाही. एखादा देश मोठा झाला हे जीडीपीच्या आकड्यावरून कळत असेल दिल्लीत. गावात ते त्याच्या नावाची शिवी गळून पडते तेव्हा कळते.

यावरून कुलूप आठवलं. आमच्या कापसाच्या खोलीला आबाजींच्या काळचं विलायती कुलूप होतं, पितळी, हातात धरलं तर पाव किलोचं, वर राणीचा की सिंहाचा शिक्का झिजून गुळगुळीत झालेला. गेल्या दिवाळीत त्याची किल्ली हरवली. सितादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, करून पहिला वेचा घरी आणलेला, बाया ओझे घेऊन दारात उभ्या, अन् खोली बंद. तेल घातलं, तार घातली, हातोडा मारला, कुलूप ढिम्म. शेवटी चुलतभावाचा पोरगा बॅटरीचा ग्रायंडर घेऊन आला, ऑनलाईन मागवलेला, चायनाचाच, आणि दीड मिनिटात कडी कापून मोकळा. ठिणग्या उडाल्या, बाया मागं सरकल्या, बाबा म्हणाले, "हळू बे, कापूस आहे." झालं. यात कोणी प्रतीक वगैरे शोधू नका, किल्ली हरवली होती एवढंच. कापलेलं कुलूप मात्र बाबांनी भंगारात नाही दिलं, देवळीत ठेवलंय.

तर पश्चिमेची अन् आमची सोयरीक कापसातून झाली, हे आमच्या पुस्तकात दोन ओळीत आटपते. 1853 ला निजामानं कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. 1861 ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, मँचेस्टरकडच्या गिरण्या कापसावाचून बसल्या. मग त्यांना आमची काळी माती दिसली. लिव्हरपूलच्या बाजारात आमच्या कापसाला स्वतःची नावं होती, अमरावतीकडचा तो 'उमरा', कारण अमरावतीला तेव्हा उमरावती म्हणत, आणि हिंगणघाटचा तो हिंगणघाट. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उगीच अभिमान वाटला होता, आपल्या तालुक्या-जिल्ह्याचं नाव सातासमुद्रापलीकडं फळ्यावर लिहिलं जायचं म्हणून. मग पुढचं वाचलं. 1865 ला तिकडं युद्ध संपलं आणि इकडं भाव कोसळले. ज्यांनी युद्ध केलं त्यांना माहीत पण नव्हतं की वऱ्हाड नावाचं काही आहे.

पण रेल्वे थांबली नाही. 1867 ला ती नागपूरला पोचली, 1870 ला खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला, तिथल्या कापूस बाजारासाठी टाकलेली लाईन सुरू करायला. व्हाईसरॉय! आज आमच्या बाजार समितीत आमदार यायचा म्हणलं तर मांडव टाकतात. ज्वारीची वावरं कापसाखाली गेली, आणि 1899-1900 चा दुष्काळ पडला तेव्हा वऱ्हाडात माणसं किड्यामुंगीसारखी मेली. रूळ होते, बाजारात धान्य पण येत होतं, घ्यायला खिशात काही नव्हतं.

आमच्याकडची शकुंतला ही त्याच कापसाची लेक. मूर्तिजापूर ते यवतमाळ, छोटी लाईन, खाजगी कंपनीची, देशातल्या बाकी रेल्वे सरकारजमा झाल्या तेव्हा ही राहून गेली. तिचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलेलं, ते 1994 पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. मी कोळशाच्या इंजिनात बसलोय, डोळ्यात कण गेला की आई पदराची गुंडाळी करून फुंकून काढायची. आता गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली. रुळात बाभळी उगवल्या. जुन्या सिग्नलवर 'मेड इन लिव्हरपूल' असं ओतलेलं होतं, पोरं दगड मारून त्याचा आवाज काढायची, टण्ण. आणि मँचेस्टर? माझ्या वर्गात दोन पोरांच्या टीशर्टवर मँचेस्टर लिहिलेलं असते, ते फुटबॉलवालं. टीशर्ट तिरुपूरचा नाहीतर बांगलादेशचा.

म्हणजे पश्चिम पडली म्हणणाऱ्यांचं काही खोटं नाही. हे मी भक्तिभावानं म्हणत नाही, हिशेब करून म्हणतो. खरेदीच्या ताकदीनं मोजलं तर चीन कधीचाच अमेरिकेच्या पुढं गेलाय, आयएमएफच म्हणते. 2022 ला आपण ब्रिटनला मागं टाकून पाचवी अर्थव्यवस्था झालो, त्या दिवशी गावच्या ग्रुपवर आतषबाजीचे इतके व्हिडिओ आले की माझा फोन हँग झाला. जगातल्या सरकारांच्या गंगाजळीत डॉलरचा वाटा या शतकाच्या सुरुवातीला सत्तर टक्क्यांच्या वर होता, आता साठच्या खाली आहे. ब्राझील, रशिया, भारत, चीन अन् दक्षिण आफ्रिकेच्या ब्रिक्स गटात इराण, इथिओपिया, इजिप्त, अमिरात, इंडोनेशिया असे एकेक जण येऊन बसले. खुर्च्या सरकतायत हे खरंय.

फक्त कापसाचा भाव सांगताना व्यापारी अजून न्यूयॉर्कचा वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या सौद्याचा भाव, बघतो. सेंट पर पाउंड. आम्ही विकतो क्विंटलनं, जिनिंगवाला मोजतो खंडीनं, अन् भाव ठरतो पाउंडानं, डॉलरमध्ये. जगात कापसाच्या व्यवहारात भांडण झालं तर बरेचदा कोणत्या नियमांनी सोडवतात माहितीये? लिव्हरपूलच्या. तिथल्या इंटरनॅशनल कॉटन असोसिएशनचे नियम कराराच्या कागदात असतात. गिरण्या गेल्या, गोद्या थंड झाल्या, कापसाचं बोंड तिथं कधी उगवलं नव्हतंच, तरी पंचाईत त्यांचीच. जुन्या पाटलासारखं आहे हे. वावर विकून खाल्लं, वाडा पडला, पण गावातलं भांडण अजून त्याच्याच ओट्यावर सुटते.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त टोचते. अमेरिका हरली तर आपण जिंकतो असं पानठेल्यावर धरून चालतात, क्रिकेटच्या पॉइंट टेबलसारखं. कापसात अमेरिका खरंच हरली, पण कोणाकडून ते बघा. अमेरिका तिच्या शेतकऱ्यांना कापसावर इतकी सबसिडी द्यायची की जगाचा भाव पडायचा, त्यावर 2003 ला कानकूनच्या डब्ल्यूटीओ, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या, बैठकीत बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली या चार गरीब देशांनी आवाज उठवला, हाती फार काही आलं नाही. ब्राझील मात्र केस लढला. 2002 ला तक्रार, 2005 ला अपिलात जिंकला, 2014 ला अमेरिकेनं 30 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. आणि मधल्या काळात ब्राझीलनं घरचं काम केलं, मोठी वावरं, मशीननं वेचणी, हेक्टरी आपल्या चारपट रुई, आणि 2023-24 ला निर्यातीत अमेरिकेला मागं टाकून एक नंबर. मी वर्गात हे फार रंगवून सांगितलं, पोरांनी टाळ्या पण वाजवल्या. संध्याकाळी घरी बाबांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "मंग त्या ब्राझीलचा कापूस जाते कुठी?" कुठी म्हणजे, बांगलादेश, व्हिएतनाम, चीन... आणि ड्युटी काढल्यावर आपल्याकडच्या सूतगिरण्यांत पण. बाबा काही बोलले नाहीत, चहाची बशी खाली ठेवली.

चीनचं पण तसंच. 2011 ला बाबांनी पहिल्यांदा सात हजाराची चिठ्ठी पाहिली, बाजारात जो तो म्हणे चायनाची मागणी आहे. त्याच वर्षी पुढं चीन सरकार कापूस साठवायला लागलं, आपल्या गाठी जहाजं भरभरून जात होत्या. त्या पैशात आमच्या घराला स्लॅब पडला, बहिणीचं लग्न झालं. मार्च 2012 मध्ये आपल्याच सरकारनं एका रात्रीत निर्यातबंदी केली, मग ओरडा झाल्यावर उठवली. पुढं 2014 ला चीननं साठवणीचं धोरण बदललं, हात आखडला, आणि चार हजाराच्या खाली कापूस विकतानाही बाजारात एकच वाक्य होतं, चायनाची मागणी नाही. आबाजींच्या बापाच्या वेळी म्हणत असतील, लिव्हरपूलला उठाव नाही. वाक्य तेच, गावाचं नाव बदललं.

2025 च्या खरिपात तर कहर झाला. चीननं खताची निर्यात आवळली, अन् जूनमध्ये आमच्या तालुक्यात डीएपीसाठी रांगा. एका दुकानात दोन गोण्या द्यायला तयार, पण लिंकिंग, म्हणजे सोबत नॅनो खताची बाटली अन् कसलं तरी टॉनिक घ्यावंच लागेल. बाबांनी घेतलं. ते टॉनिक अजून बाथरूमच्या फळीवर आहे, आईला वाटते शाम्पू आहे.

बरं, तिकडचे तरी मजेत असतील असं वाटते ना? नाही. त्याच पावसाळ्यात अमेरिकेतल्या सोयाबीनवाल्यांची बातमी वाचत होतो. टॅरिफच्या भांडणात चीननं त्यांचं सोयाबीन घेणंच बंद केलं, सप्टेंबरमध्ये तर एक दाणा गेला नाही, माल बहुतेक ब्राझीलकडून. त्यांच्या हजार-हजार एकरवाल्या शेतकऱ्याचा फोटो होता, टोपी घातलेला, मागं उंच लोखंडी कोठ्या, अन् चेहऱ्यावर भाव अगदी आमच्या मार्केट यार्डातल्या माणसाचा. मी फोटो बाबांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "याले बी बोनस भेटन का?" त्यांच्याकडं बोनसला बेलआऊट म्हणतात. भेटला त्याला, डॉलरमध्ये.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही कापूस विकायला नेला. हमीभाव 2025-26 ला लांब धाग्याला 8110 होता, कागदावर मस्त. पिकअपमध्ये सव्वीस क्विंटल, पहाटे चारला निघालो, खरेदी केंद्रावर आमच्या पुढं चाळीसेक गाड्या. बाबा कापसावरच झोपले गोधडी पांघरून. दुपारी दोनला नंबर आला. पोरगा आला, हातात मीटर, त्याचा लांब दांडा कापसात खुपसला. आठ टक्के ओलावा असला तर पूर्ण भाव, बाराच्या वर गेला तर घेत नाहीत. 13.4. दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला, 12.8. बाबा म्हणाले, "साहेब, दवाचा आहे, रातभर गाडी उघड्यावर होती. वाळते ना आता." तो पोरगा वाईट नव्हता. म्हणाला, "काका, मी नाही, मीटर म्हणते." बाबांनी ते मीटर हातात मागितलं, उलटून पाहिलं, चष्मा वर करून मागचं स्टिकर वाचायचा प्रयत्न केला. अक्षरं पुसलेली होती. परत दिलं.

गाडी वळवून खाजगी जिनिंगवर नेली. तिथं मीटर नव्हता, व्यापाऱ्यानं मूठभर कापूस घेतला, दाबला, सोडला, सरकी दाताखाली धरून चावली. कट् असा आवाज नीट आला नाही वाटते. "सहा हजार नऊशे." मी म्हणलं, काहून इतका कमी, तर त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. न्यूयॉर्क वायदा, 65 सेंटच्या आसपास, लाल रंगात. "सर, तुम्ही तर शिकवता. 31 डिसेंबरपर्यंत बाहेरचा कापूस फुकट येऊन राह्यला, गिरण्या आमच्याकडं पायतही नाही. मी कुठून देऊ?" त्याचं खोटं नव्हतं. खोटं कोणाचंच नव्हतं, हीच तर पंचाईत. बाबा सगळं ऐकत होते. म्हणाले, "तिथं आता किती वाजले?"

"कुठं?"

"न्यूयॉर्कले."

मी घड्याळ पाहून सांगितलं, सकाळचे सहा-साडेसहा झाले असतील.

"म्हणजे तो उठला बी नसन अजून," बाबा म्हणाले, आणि काट्यावर गाडी घ्यायला सांगितली.

पैसे पंधरा दिवसांनी, चेकनं. रोख पाहिजे तर टक्का-दीड टक्का कमी, ते तुम्हाला माहीतच आहे. परत येताना तालुक्याच्या चौकात थांबलो, पंपाची बॅटरी गेली होती, रब्बीला हरभऱ्यावर फवारणी येतेच. दुकानदारानं दोन काढल्या. एक साडेआठशेची, कंपनीचं नाव आपल्याकडचं, भगव्या रंगाचं खोकं, वर शेतकऱ्याचा हसरा फोटो. दुसरी सातशेची, खोक्यावर नुसती चित्रलिपी. मी खोकं उलटून दाखवलं की बाबा, या भगव्याच्या आतली सेलही तिकडचीच आहे, इथं फक्त पॅकिंग झालंय. दुकानदार हसला. बाबांनी दोन्ही हातात घेऊन वजन करून पाहिलं, जसं ते कुलूप धरून बघायचे तसं.

"हे चायनावाली दे," म्हणाले. "मांगची दोन वर्स टिकली."

गावाच्या अलीकडं शकुंतलेचं फाटक लागते. फाटक म्हणजे आता नुसते दोन खांब आहेत, आडवा बांबू कोणीतरी सरपणाला नेला. रूळ डांबरात बुडालेत, मधून गवत. अंधार पडला होता. मी गाडी तशीच दामटणार होतो, तर बाबांनी नेहमीसारखा माझ्या दंडावर हात ठेवला. मी ब्रेक दाबला. त्यांनी काच खाली करून डावीकडं पाहिलं, मूर्तिजापूरकडं, मग उजवीकडं यवतमाळकडं.

"हं, जाऊ दे," म्हणाले.